पेढीच्या वहीत आपले नाव



संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या लोकल गाडीत उभे राहण्याचा प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळांवर आला असेल. निदान तुमचा मुलगा, पुतण्या किंवा जुना विद्यार्थी तरी त्या गाडीने रोज जात असेल. पूर्वी या गाडीत टाळ वाजत, पत्त्यांचा डाव रंगे, कोणी वर्तमानपत्राच्या चार घड्या घालून शब्दकोडे सोडवी. आता बहुतेक माना मोबाइलच्या पडद्यावर झुकलेल्या असतात. परवा अशाच गाडीत दोन तरुणांचा संवाद कानांवर आला. एक म्हणाला, "आज बिटकॉइन चढला, मी थोडा विकला." दुसऱ्याने विचारले, "घरी कळलं तर? आणि सरकारला?" त्यावर पहिला हसून म्हणाला, "कळणार कसं? यात कुणाचं नावच नसतं!"

यात कुणाचे नावच नसते! आजचे माझे बोलणे या एका वाक्यावर आहे. कारण ते वाक्य खरे नाही, आणि ते खरे मानून चालणारी मुले फार अडचणीत येतात.

व्यापार आणि नाव यांची जोडी आपल्या भागात तर फार जुनी आहे. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्या कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. पुढे सराफाच्या पेढीवर हुंडी लिहिली जाई, तेव्हाही कोणी, कोणाला, किती, हे वहीत उतरत असे. मनीऑर्डर करणाऱ्याचे नाव पोस्टाच्या पावतीवर येते. मग या नव्या पैशातच नाव नाही, ही समजूत कोठून आली?

बिटकॉइन २००९ साली सुरू झाला. त्याच्या मागे सरकार नाही, बँक नाही. जगभरच्या संगणकांवर एकच सामाईक वही ठेवलेली असते आणि प्रत्येक देवघेव तिच्यात उतरते. ही वही कोणालाही उघडून पाहता येते. मात्र तिच्यात माणसाच्या नावाऐवजी अक्षरे आणि आकडे यांची एक लांबलचक ओळ असते. नाव नसते, ते एवढ्याच अर्थाने.

पिठाच्या गिरणीचे उदाहरण घेऊ. गिरणीत दहा घरचे डबे रांगेने ठेवलेले असतात. डब्यावर नाव नसते, खडूने नंबर घातलेला असतो. वाटेने जाणाऱ्याला त्यावरून काही कळत नाही. पण कोणता नंबर कोणाच्या घरचा, हे गिरणीवाल्याला पक्के ठाऊक असते. आणि एकदा त्याने सांगितले, की या घरात महिन्याला किती दळण लागते इथपर्यंत सगळा हिशेब लागतो.

या व्यवहारातला गिरणीवाला म्हणजे क्रिप्टो एक्स्चेंज. मी तिला पेढी म्हणेन. आपण रुपये द्यायचे आणि पेढीने बिटकॉइन द्यायचा, किंवा त्याच्या उलट. आपल्या देशात कायद्याने चालणाऱ्या पेढीवर खाते उघडायचे, तर पॅन कार्ड लागते, आधार किंवा तसाच दुसरा ओळखीचा पुरावा लागतो, चेहऱ्याचा फोटो, मोबाइलचा नंबर आणि बँकेचे खाते लागते. शिवाय कोणत्या वेळी, कोणत्या यंत्रावरून आणि इंटरनेटच्या कोणत्या जोडणीवरून तुम्ही आत आलात, याचीही नोंद राहते. सामाईक वहीतल्या त्या आकड्यांच्या ओळीला नाव जोडले जाते ते येथे.

आता या पेढीची वही सरकारला दिसते ती कोणत्या दारांनी? दारे मुख्यतः तीन आहेत.

पहिले दार कराचे. २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा मालमत्तेवरील नफ्यावर ३० टक्के कर बसवला. तो १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून एक टक्का आधीच कापून घेण्याचा नियम आला. लाख रुपयांचे विकले, की हजार रुपये पेढी कापते आणि तुमच्या पॅन नंबरावर सरकारात भरते. नफा झाला की तोटा, हे येथे पाहिले जात नाही. एक टक्का कशासाठी? पैशासाठी तर खराच, पण व्यवहारांचा तपशील हाती यावा हा त्यामागचा हेतू अर्थमंत्र्यांनी त्या भाषणातच सांगितला होता. म्हणजे गाडीतल्या आमच्या मित्राने विकले तेव्हाच त्याच्या नावाची नोंद आयकर खात्याकडे जाण्याच्या वाटेला लागली होती. पुढे २०२५ च्या वित्त कायद्याने अशा पेढ्यांनी ग्राहकांच्या व्यवहारांचे विवरणपत्रच आयकर खात्याला द्यावे, असे कलम घातले.

डोंबिवलीत ज्यांची मुले अमेरिकेत, इंग्लंडात किंवा आखातात आहेत अशी घरे पुष्कळ. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की अशी माहिती देशादेशांनी एकमेकांना आपोआप कळवावी यासाठी एक आंतरराष्ट्रीय आराखडा २०२२ साली तयार झाला आणि अनेक देशांनी तो स्वीकारला आहे. पेढी परदेशातली म्हणून नाव झाकलेले राहील, हा भरवसा आता धरता येत नाही.

दुसरे दार संशयाचे. काळा पैसा पांढरा करण्यास आळा घालणारा २००२ चा एक कायदा आहे, मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा. बँकांना तो पूर्वीपासून लागू होता. ७ मार्च २०२३ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून क्रिप्टो पेढ्यांनाही त्यात आणले. तेव्हापासून ग्राहकाची ओळख पटवून घेणे, व्यवहारांच्या नोंदी निदान पाच वर्षे जपणे आणि संशयास्पद व्यवहार दिसला तर तो कळवणे, ही पेढीची सक्तीची जबाबदारी झाली. कळवायचा कोणाला? दिल्लीला अर्थमंत्रालयाच्या हाताखाली २००४ साली स्थापन झालेली फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट नावाची कचेरी आहे, तिला. ही कचेरी स्वतः कोणाला अटक करीत नाही. आलेली माहिती चाळून ती आयकर खात्याकडे, ईडीकडे किंवा पोलिसांकडे पाठवते. आणि एक गोष्ट विशेष ध्यानात घ्या. असा अहवाल गेला, तर तो गेल्याचे ग्राहकाला सांगण्याची पेढीला मनाई आहे.

परदेशी पेढ्यांनी पहिल्याने हे मनावर घेतले नाही. तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये या कचेरीने अशा नऊ पेढ्यांना नोटिसा काढल्या. त्यांतल्या बायनान्स या जगातल्या सर्वांत मोठ्या पेढीला जून २०२४ मध्ये १८ कोटी ८२ लाख रुपयांचा दंड झाला.

तिसरे दार तपासाचे. गुन्हा नोंदला गेला, की पोलीस पेढीला लेखी आदेश पाठवतात: अमुक खात्याचा मालक कोण, पैसा कोठून आला, कोठे गेला, ते कळवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ९४ व्या कलमाखाली हा आदेश निघतो. त्यापूर्वी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ९१ वे कलम होते. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर हा पट्टा ठाणे पोलीस आयुक्तांच्या हद्दीत येतो, तर मुरबाड, शहापूर हा भाग ठाणे ग्रामीण पोलिसांकडे. आदेश काढायला न्यायालयात जावे लागत नाही. पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचा लेखी आदेश पुरतो.

येथे एक गंमत सांगतो, म्हणजे गंमत कसली, विचार करण्यासारखी गोष्ट आहे. तुमचे पत्र किंवा पार्सल पोस्टाच्या ताब्यात असेल, तर ते फौजदाराला आपल्या अधिकारात मागवता येत नाही. त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याचा किंवा न्यायालयाचा आदेश लागतो. तोवर पोस्टाने ते राखून ठेवावे एवढेच पोलीस अधिकारी सांगू शकतो. ही राखण जुनी आहे आणि नव्या संहितेतही ती ठेवली आहे. पण ज्या वहीत माणसाचे नाव, चेहरा, बँक आणि वर्षावर्षाची देवघेव एकत्र लिहिलेली आहे, तिला मात्र पोस्टातल्या लखोट्याएवढेही कुंपण नाही.

कोणी म्हणेल, चोर पकडायचा असेल तर दार उघडे हवेच. खरे आहे. २०१८ च्या जूनमध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने 'मनी ट्रेड कॉइन' नावाच्या चलनाचे प्रकरण उघडकीस आणले. मोठ्या परताव्याच्या आशेने गुंतवणूकदारांनी त्यात पैसे घातले होते आणि ते फसवले गेल्याच्या तक्रारी होत्या. अशा वेळी पैसा कोणाच्या खात्यातून कोठे गेला, हे सांगणारी वही हाती आली नाही, तर फसलेल्या माणसाने कोणाकडे पाहायचे? वहीचा उपयोग आहेच.

पण सुक्याबरोबर ओलेही जळते. ते कसे, हे माझ्या ओळखीच्या एका घरातल्या हकिगतीवरून सांगतो. गृहस्थ निवृत्त शिक्षक, राहणार डोंबिवली पूर्व. त्यांचा पुतण्या मुरबाडकडचा. एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला लागला आणि काकांकडे राहू लागला. मित्रांच्या नादाने त्याने पेढीवर खाते उघडले. थोडे डॉलरच्या भावाशी बांधलेले चलन घेतले आणि पुढे पेढीच्याच मार्फत एका अनोळखी माणसाला विकले. अठरा हजार रुपये बँकेत जमा झाले. पोराला आनंद झाला.

पंधरा दिवसांनी पगार जमा झाला, पण निघेना. बँकेत गेला. उत्तर मिळाले, "तुमचं खातं परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून गोठवलंय." झाले असे होते, की त्या अनोळखी माणसाने दिलेले अठरा हजार दुसऱ्या कोणाला तरी फसवून मिळवलेले होते. फसलेल्याने तक्रार केली, पोलिसांनी पैशाचा माग काढला आणि तो माग येऊन थांबला आमच्या या पोराच्या खात्यावर. गोठवले मात्र अठरा हजार नव्हे, सगळे खाते. दोन महिन्यांचा पगार अडकला. गावाकडे आईच्या औषधाचे पैसे काकांनी धाडले.

काका मला म्हणाले, "अहो, चाळीस वर्षं मी मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं. आणि आता पोस्टमन दारात आला तरी छातीत धस्स होतं."

पुढे मार्ग कसा निघाला, ते ऐकण्यासारखे आहे. पुतण्याने पेढीकडून त्या व्यवहाराचा उतारा मागवला: दिनांक, वेळ, रक्कम, घेणाऱ्याची नोंद. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचे नाव लेखी घेतले. दोन्ही कागद जोडून त्या पोलिसांना अर्ज धाडला. तिकडून पेढीकडे विचारणा गेली. पेढीच्या वहीतल्या नोंदीवरून दिसले, की पोराने माल दिला होता आणि त्याचेच पैसे घेतले होते, फसवणुकीशी त्याचा संबंध नव्हता. खाते मोकळे झाले, पण मध्ये चार महिने गेले. सरकारी काम आणि सहा महिने थांब ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही.

या हकिगतीत एक मर्म आहे. ज्या वहीने मुलाला अडकवले, तिनेच त्याला सोडवले. नाव लिहिलेले होते म्हणून माग त्याच्यापर्यंत आला आणि नाव खरे लिहिलेले होते म्हणूनच तो सुटला. तेव्हा वही असावी की नसावी, हा माझा प्रश्न नाही. ती कोण उघडतो, कोणत्या कागदावर उघडतो, किती पाने पाहतो आणि पाहून झाल्यावर ती नीट मिटून ठेवतो की नाही, हा खरा प्रश्न आहे.

तो आपण विचारू शकतो, कारण आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार दिलेला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निकाल दिला. सरकारला त्यात शिरायचे असेल तर त्यामागे कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय त्या हेतूच्या मानाने बेताचा हवा. उंदीर पकडण्यासाठी घर पाडायचे नाही. केरळच्या उच्च न्यायालयाने २०२३ साली खाती गोठवण्याच्या बाबतीत हाच विचार मांडला: संशय ज्या रकमेचा, तेवढीच रक्कम अडवा, सगळे खाते नको. आमच्या पुतण्याच्या बाबतीत हे धोरण पाळले असते, तर अठरा हजार अडकले असते आणि पगार सुटला असता.

अमेरिकेतले एक उदाहरण येथे उपयोगी आहे. तेथील कर खात्याने २०१६ साली कॉइनबेस नावाच्या पेढीकडे २०१३ ते २०१५ या तीन वर्षांतल्या तिच्या अमेरिकी ग्राहकांची सरसकट माहिती मागितली. पेढीने ती दिली नाही, आणि प्रकरण न्यायालयात गेले. २०१७ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने मागणी छाटली. ज्यांचा वर्षातला एखाद्या प्रकारचा व्यवहार २० हजार डॉलर किंवा त्याहून अधिक, त्यांचीच माहिती द्या, आणि तीही ठरावीक बाबींची. असे ग्राहक सुमारे चौदा हजार निघाले. कर खात्याचे काम अडले नाही, आणि बाकीच्या असंख्य लहान माणसांची पाने मिटलेली राहिली. मागणारा आणि देणारा यांच्या मध्ये तिसरा कोणी बसला, म्हणजे काय होते, ते यावरून दिसते.

मिटून ठेवण्याचा प्रश्नही तेवढाच मोठा आहे. आपल्याच राज्यात, पुण्यात, बिटकॉइनच्या एका मोठ्या फसवणुकीच्या तपासात पोलिसांनी दोन तज्ज्ञांची मदत घेतली होती. २०२२ च्या मार्चमध्ये त्या दोघांनाच अटक झाली. तपासासाठी हाती आलेल्या माहितीवरून आरोपींच्या खात्यांतले चलन आपल्याकडे वळवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. आणि पेढीच्या घरातूनही गळती होते. मे २०२५ मध्ये त्याच कॉइनबेसने जाहीर केले, की ग्राहकांना मदत करण्यासाठी परदेशांत नेमलेल्या काही माणसांनी लाच घेऊन ग्राहकांची माहिती बाहेर दिली. सुमारे ६९ हजार ग्राहकांना त्याची झळ लागली. म्हणून सरकारकडे किंवा पेढीकडे जितकी कमी माहिती निष्कारण साठेल, तितके बरे. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. पण गुन्ह्याच्या तपासासारख्या कामी सरकारी यंत्रणांना त्यात मोठी सूट आहे, हेही सांगितले पाहिजे.

आता शेवटचे चार शब्द व्यवहाराचे. शिक्षक बंधुभगिनींनी ते वर्गात जरूर सांगावेत.

पहिली गोष्ट: आपले नाव भाड्याने देऊ नये. कॉलेजातल्या, गावातल्या मुलांना कोणी तरी गाठतो आणि म्हणतो, "तुझं आधार, पॅन दे, एक खातं उघडू, दोन हजार देतो. तुला काही करायचं नाही." मुलाला वाटते, फुकटचे दोन हजार आले. पण पुढे त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि तिन्ही दारांनी जे नाव सरकारला दिसते, ते त्या मुलाचे असते. ज्याने पैसे दिले, त्याचे नाव कोणत्याच वहीत नसते. शेताच्या सातबाऱ्यावर परक्याचे नाव चढू नये म्हणून आपण किती जपतो! परक्याच्या व्यवहारावर आपले नाव चढू नये, म्हणून तितकेच जपले पाहिजे.

दुसरी गोष्ट: जे करायचे ते अनोळखी माणसाशी करू नये, आणि केलेल्या प्रत्येक व्यवहाराचा उतारा काढून जपून ठेवावा. कर विवरणपत्रात तो दाखवावा. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, पण ही मूठ मुळात झाकलेलीच नाही.

तिसरी गोष्ट: खाते गोठले तर घाबरून दलाल गाठू नये. कोणत्या पोलीस ठाण्याचे पत्र आहे, तक्रारीचा क्रमांक काय, किती रकमेबद्दल संशय आहे, हे बँकेकडून लेखी मागावे. अडवणूक संशयित रकमेपुरती ठेवावी, असा अर्ज करावा. दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो.

चौथी गोष्ट: आपणच फसलो, तर लाजू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पैसा वहीच्या पानांवरून पुढे सरकत असतो. जितका लवकर फोन, तितका तो जवळ सापडतो.

आणि गाडीतल्या त्या मुलाला मी काय सांगितले? गर्दीत फार बोलता आले नाही. कल्याण आले, तो उतरू लागला. मी एवढेच म्हटले, "बाळ, नाव असतं बरं का. तुझंच असतं." तो क्षणभर थबकला, आणि मग माणसांच्या लोंढ्याबरोबर पुलाच्या पायऱ्या चढू लागला.